पुण्याहून इंग्लंडला येणाऱ्या शिक्षिकेसाठी: इथल्या प्राथमिक शाळेतलं धर्मशिक्षण

नमस्कार ताई. कोथरूडच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवता, मिस्टरांच्या नोकरीमुळे लेस्टरला यायचं ठरतंय, आणि इथे वर्गशिक्षिकेलाच ‘आर.ई.’ म्हणजे धर्मशिक्षणाचा तास घ्यावा लागतो हे ऐकून धास्ती वाटतेय, असं तुम्ही लिहिलंय. ख्रिस्ती धर्माचा प्रचार करावा लागेल का, हिंदू असल्याची अडचण होईल का, हे तुमचे प्रश्न. मी इथे पाचवीला शिकवते आणि हा माझा सगळ्यात आवडता तास आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रचार अजिबात करायचा नसतो. आपल्याकडे घटनेच्या २८व्या कलमाप्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्माचं शिक्षण देता येत नाही, त्यामुळे परिपाठ आणि मूल्यशिक्षणापलीकडे आपला या गोष्टीशी संबंध येत नाही. इंग्लंडमध्ये हा विषय १९४४च्या कायद्यापासून सक्तीचा आहे, पण राष्ट्रीय अभ्यासक्रमात मात्र नाही. प्रत्येक भागातली स्थानिक समिती अभ्यासक्रम ठरवते आणि दर पाच वर्षांनी तपासते. तिच्यात वेगवेगळ्या धर्मांची माणसं, शिक्षक आणि नगरपालिकेचे प्रतिनिधी असतात. १९८८च्या कायद्यानुसार भर ख्रिस्ती परंपरेवर, पण देशातले इतर प्रमुख धर्मही घ्यायचेच. पालक मुलाला या तासातून बाहेर ठेवू शकतात. साध्या सरकारी शाळेत शिक्षकही हा विषय नाकारू शकतो. तुम्ही नाकारू नका, एवढंच सांगेन. चर्च ऑफ इंग्लंडच्या, म्हणजे इथल्या अधिकृत ख्रिस्ती पंथाच्या, शाळा मात्र खूप, प्राथमिक शाळांपैकी साधारण चौथाई. त्यातल्या ‘व्हॉलंटरी एडेड’ शाळा नेमणुकीत आपल्या धर्माच्या उमेदवाराला प्राधान्य देऊ शकतात, तेव्हा जाहिरात नीट वाचा.

पात्रतेचं थोडक्यात. भारतातल्या शिक्षक-पात्रतेवर थेट ‘क्यूटीएस’, म्हणजे इथली शिक्षक म्हणून मान्यता, मिळायची सोय २०२३पासून आहे, पण ती ११ ते १६ वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवणाऱ्यांसाठी. प्राथमिकला वेगळा मार्ग घ्यावा लागतो. नियम बदलतात, सरकारी संकेतस्थळच पाहा, एजंटला पैसे देऊ नका.

आता खरं महत्त्वाचं. सगळ्यांना वाटतं की हिंदू धर्माचा धडा आपल्याला सोपा जाणार. तोच जपून शिकवावा लागतो. इथल्या वर्गात दिवाळी म्हणजे राम, सीता, रावण आणि मातीची पणती. आपल्या मनातली दिवाळी वसुबारसेला सुरू होते, नरकासुर, अभ्यंगस्नान, भाऊबीज, आणि पुण्याच्या मुलांना तर किल्ला हवाच. लेस्टरच्या वर्गातल्या गुजराती मुलीच्या घरी दिवाळीनंतर नवीन वर्ष लागतं. शीख मूल त्याच दिवसांत बंदी छोड साजरा करतं, गुरू हरगोबिंदांच्या सुटकेची आठवण म्हणून. यातलं एकच ‘खरं’ म्हणून सांगितलं की उरलेली मुलं गप्प होतात. मी किल्ल्याचे फोटो दाखवते आणि विचारते, तुमच्याकडे काय करतात? हात भराभर वर जातात. मात्र एखाद्या मुलाला ‘तू मुसलमान ना, मग रोज्याबद्दल सांग’ असं कधीही उभं करू नका. नऊ वर्षांच्या पोराने अख्ख्या धर्माच्या वतीने का बोलायचं? त्याला बोलायचं असेल तर ते आपणहून बोलतं.

वस्तू हाताळण्याचंही बघा. कुराण कपड्यात गुंडाळून, इतर पुस्तकांच्या वर ठेवतात. पैगंबरांचं चित्र काढायला सांगत नाहीत. गणपतीची मूर्ती वर्गभर फिरवली जात असेल तर तुम्हीच शांतपणे थांबवा. सहकाऱ्यांना ते कुणी सांगितलेलंच नसतं.

तुमचं कच्चं राहील ते ख्रिस्ती धर्मात. नाताळ येतो आपल्याला, पण देव माणूस होऊन का आला, क्रुसावरच्या मरणाला ‘गुड’ फ्रायडे का म्हणतात, पिता-पुत्र-पवित्र आत्मा हे तीन देव नव्हेत म्हणजे काय, हे मुलं विचारतातच. शुभवर्तमानं, म्हणजे बायबलातले येशूच्या आयुष्यावरचे भाग, मराठीतून वाचा, त्यातले दाखले, म्हणजे येशूच्या बोधकथा, पटकन मनात बसतात. ‘मिस, तुम्ही देव मानता का?’ हाही प्रश्न येईल. मी खरं उत्तर देते: हो, माझ्या घरी पूजा होते, आणि माझ्या शेजारच्या वर्गातले सर देव मानत नाहीत, दोघांनाही आपापली कारणं आहेत.

निघण्याआधी पुणं या नजरेने हिंडून घ्या. रास्ता पेठेतल्या सिनेगॉगमध्ये मराठी बोलणारे बेने इस्रायली ज्यू प्रार्थनेला जातात, आणि कॅम्पातलं डेव्हिड ससूनने बांधलेलं लाल देऊळही ज्यूंचंच. दोन्हीकडे आधी विचारून, ओळखपत्र घेऊन जा. पंचहौदचं चर्च, कॅम्पातला गुरुद्वारा बघा, तिथल्या माणसांशी बोला. आषाढी वारीच्या पालख्या ज्येष्ठात नाना पेठेत आणि भवानी पेठेत मुक्कामाला असतात तेव्हा वारकऱ्यांची परवानगी घेऊन फोटो काढा, दोन-तीन जणांना ते का चालतात ते विचारून लिहून ठेवा. तीर्थयात्रा हा विषय इथे मोठ्या मुलांना असतो, आणि बऱ्याच शाळांच्या साहित्यात काशी, मक्का, फ्रान्समधलं ख्रिस्ती तीर्थ लूर्द असतं पण पंढरपूर नसतं.