विंडोज १० नीट चालतंय, तरी ११ घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की २०१९ चा लॅपटॉप आहे, विंडोज १० ची काही तक्रार नाही, त्यावर चार-पाच दुकानांची जीएसटीची कामं करता. ‘हा पीसी विंडोज ११ साठी पात्र आहे’ असं दाखवतोय आणि मुलगा म्हणतोय, आज रात्रीच करून टाकू. तर घ्यावं का?

घ्या. पण आज रात्री नको. ११ तारखेला आर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी रिटर्न, आणि २० ला ३बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न, हे तुम्हाला मी सांगायला नको. २१ तारखेची सकाळ उजाडली की करा, म्हणजे काही बिघडलं तरी निस्तरायला हातात दिवस राहतात.

मी काही कॉम्प्युटर इंजिनिअर नाही. सांगली जिल्ह्यात आमचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, पतसंस्थांचे अहवाल, आणि त्या काळी एका वाचनालयाचा दिवाळी अंक. अंकात पैसे फारसे सुटत नसत, पण वर्षभरात आपण केलेलं एक काम लोक जपून ठेवतात हे समाधान मोठं होतं.

२०१५ साली डीटीपीचं, म्हणजे पानं लावायचं, मशीन एकच होतं. विंडोज ७, तेही ३२ बिट, म्हणजे जुन्या बांधणीचं. त्यावर पानं लावायचा पेजमेकर ७ आणि मराठी टायपिंगचं एक जुनं सॉफ्टवेअर. त्याचं लॉक, म्हणजे परवान्याची छोटी डबी, मागे प्रिंटरच्या पोर्टला लागायचं. लॉक नसेल तर प्रोग्रॅम उघडायचाच नाही. त्या वर्षी जुलैत विंडोज १० आलं आणि सातवाल्यांना वर्षभर फुकट होतं. खाली कोपऱ्यात त्याचं चिन्ह येऊन बसलं होतं, मी त्याला हात लावला नव्हता.

२२ ऑक्टोबरला दसरा होता. आम्ही दसऱ्याला मशिनांची पूजा करतो, ऑफसेटला हार, कटिंग मशीनला हार, मॉनिटरलाही झेंडूची माळ. धाकटा भाऊ पुण्याहून आला होता. तो कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करतो. म्हणाला, “दादा, आज सीमोल्लंघनाचा दिवस, किती वर्षं जुनंच धरून बसणार? अर्ध्या तासात करून देतो.” मी म्हटलं, अंकाची १७६ पानं आहेत, ११२ लागलीत, लक्ष्मीपूजन ११ तारखेला आहे, दिवाळी होऊ दे. तो म्हणाला, डेटाला काही होत नाही.

मी जेवायला घरी गेलो आणि त्यानं केलं.

आता नीट ऐका, कारण तुमचा मुलगाही नेमकं हेच करू शकतो. सातवरून दहा झालं, फाईल जिथल्या तिथे होत्या, लॉकही चाललं. तो तिथेच थांबला असता तर आज मला हे लिहावं लागलं नसतं. पण मशीनमध्ये ४ जीबी रॅम होती आणि ३२ बिटमध्ये ती पूर्ण वापरली जात नाही हे त्याला बघवेना. त्यानं डी ड्राइव्ह तसाच ठेवला, सी, म्हणजे विंडोजचा भाग, फॉरमॅट करून पुसला आणि ६४ बिटचं विंडोज टाकलं. नुसतं अपग्रेड केलं असतं तर महिनाभर परत सातवर जाता येत होतं. फॉरमॅट केल्यावर तो रस्ता बंद.

६४ बिट विंडोजवर ३२ बिट ड्रायव्हर, म्हणजे जोडलेली वस्तू चालवणारा छोटा प्रोग्रॅम, चढत नाही. म्हणजे लॉक गेलं. टायपिंगच्या सॉफ्टवेअरची सीडी घातली तर तिचा सेटअप १६ बिटच्या जमान्यातला. तो ६४ बिटवर सुरूसुद्धा होत नाही. फॉन्ट सीमध्ये होते, तेही गेले. पेजमेकर कसाबसा उघडला आणि लागलेल्या ११२ पानांवर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा रेंदा दिसायला लागला. ते जुने फॉन्ट युनिकोडचे, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसेल अशा ठरलेल्या पद्धतीचे, नव्हते. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी तुकडे बसवलेले. फॉन्ट गेला की मजकूर असून नसल्यासारखा.

सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला. नवीन आवृत्ती घ्या, म्हणाले. किंमत ऐकून मी फोन ठेवला. भावाला सुट्टी नव्हती, तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेला.

शेवटी झेरॉक्सवाल्या मित्राच्या पोटमाळ्यावरून एक्सपीचं मशीन काढलं. प्रिंटर पोर्ट होता म्हणून लॉक लागलं, सीडी चालली, पानं परत मराठीत आली. पण ५१२ एमबी रॅम. पान सरकवलं की वाट बघत बसायचं. आमच्या ऑपरेटर ताई घरचा फराळ टाकून रोज रात्री एक-दीडपर्यंत बसल्या. त्यांना मी काय दिलं? नेहमीचा बोनस. ते मला अजून खातं. अंक बाहेर पडला भाऊबीजेला, १३ नोव्हेंबरला. दोन जाहिरातदारांनी पैसे कापले. वाचनालयाचे चिटणीस निवृत्त शिक्षक होते, एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या वर्षी अंक दुसरीकडे गेला आणि परत कधी आला नाही.

भाऊ आजही म्हणतो, “दोष अपग्रेडचा नव्हताच दादा, तुझं सॉफ्टवेअर जुनं होतं.” जुनं होतं, कबूल. पण त्याच्यावर सात माणसांचं घर चालत होतं आणि अंकाला वीस दिवस उरले होते. डॉक्टर ऑपरेशन करण्याआधी शुगर तपासतो की नाही? त्यानं मागे वाकून लॉक बघितलंसुद्धा नाही. ज्याला कामाची तारीख माहीत नाही त्यानं दुसऱ्याच्या मशीनला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून तुम्ही आधी सगळ्यात जुन्या वस्तूकडे बघा. तुमच्याकडे ती बहुतेक डिजिटल सहीचं टोकन (पेनड्राइव्हसारखं असतं ते) किंवा जुना प्रिंटर असेल. दोन्हींचा विंडोज ११ चा ड्रायव्हर त्यांच्या कंपनीच्या साइटवरून आधीच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. हिशेबाच्या प्रोग्रॅमचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. न उघडलेल्या बॅकअपला मी बॅकअप म्हणत नाही. परत फिरायला ११ मध्ये फक्त १० दिवस मिळतात, त्या १० दिवसांत टोकन लावून एकदा जीएसटीच्या पोर्टलवर सही करून बघा. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून कपाटात ठेवा. आणि मुलाला फॉरमॅट करू देऊ नका.

१० वरच राहिलं तर काय, हे राहिलंच. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. तेवढ्यापुरतं थांबायला हरकत नाही, पण त्यापुढे लोकांच्या जीएसटीचे पासवर्ड असलेलं मशीन नेटवर ठेवू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसनं जगभरची मशिनं कुलूपबंद केली, तेव्हा तो ज्या भोकातून शिरला त्याचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, मार्चमध्येच येऊन पडला होता. ज्यांनी घातला नाही ते अडकले. इथे भाऊ बरोबर आहे, आणि हे मी त्याला तोंडावरही सांगितलंय.

त्या दिवाळीनंतर मी स्वतःच सगळं युनिकोडवर आणलं. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर, त्यामुळे कन्व्हर्टरमधून मजकूर काढला की वेलांट्या आणि रफार भलत्याच अक्षरांवर जाऊन बसायचे. ताईंनी आणि मी पतसंस्थांचे अहवाल ओळ न् ओळ वाचून दुरुस्त केले. सहा महिने लागले, कारण ते आम्ही उन्हाळ्यात, लग्नसराईच्या कामातून वेळ काढून, जुनं मशीन चालू ठेवून केलं. एकही काम उशिरा गेलं नाही.

तिमाही रिटर्न भरत असाल तर तारखा त्याप्रमाणे धरा. मुलाला माझा राग आला तर येऊ दे. त्याला एवढंच विचारा, तुमच्या कोणत्या दुकानदाराचं ३बी अजून भरायचं राहिलंय. सांगता आलं, तर २१ तारखेला त्यालाच करू द्या.