सलाईनचा फोटो

‘मॅडम, सगळीकडे असंच असतं ना?’ नोकरीबद्दल बोलायला माझ्याकडे समुपदेशनाला आलेली माणसं हे हमखास विचारतात. तिने मात्र उलटं विचारलं. ‘इथे कुणी ओरडत नाही, तरी मला झोप येत नाही. माझ्यातच काही बिघडलंय का?’

अंबडच्या एका कारखान्यात पर्चेसला सहा वर्षं काढून ती सातपूरला नव्या नोकरीत लागली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) दुसऱ्याच महिन्यात डेंग्यू झाला. रजेच्या मेसेजवर साहेबांचं उत्तर आलं, ‘बरं, काळजी घ्या.’ तरी हिने सलाईन लावलेल्या हाताचा फोटो पाठवला, मग रिपोर्ट, रात्री साडेअकराला ‘सॉरी सर’. कामावर परतल्यावर शेजारच्या ताईंनी विचारलं, ‘फोटो मागितला होता का गं कुणी?’

त्या प्रश्नाने ती हादरली होती.

जुन्या ठिकाणचं ती हसत हसतच सांगत होती. संध्याकाळी साडेसहाला जागेवरून उठलं की ‘आज हाफ डे का?’ चुकणाऱ्याचं नाव ग्रुपवर. ‘साहेब तापट, पण मनाने चांगले.’ पहिल्या महिन्यात ती घरी येऊन रडायची. वर्षभरात नव्या मुलीला ‘होईल सवय’ म्हणू लागली. चौथ्या वर्षी त्याच मुलीकडे आजारपणाचा फोटो हिनेच मागितला. इथे हसू थांबलं.

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५१ साली एक साधा प्रयोग केला. समोरची रेघ तीनपैकी कोणत्या रेघेएवढी, इतकंच सांगायचं. एकटी असताना माणसं क्वचितच चुकत. खोलीतल्या बाकीच्यांनी ठरवून चुकीचं उत्तर दिलं, की साधारण तीनातल्या एका वेळी तीही ‘हो’ला ‘हो’ करत. एकाने जरी खरं सांगितलं, तरी ही री ओढणं खूप कमी व्हायचं. तिथे प्रश्न रेघांचा होता आणि खोलीतली माणसं अनोळखी. हिच्या खोलीत पगार होता, आणि मुक्काम सहा वर्षांचा. तिला बिघडलेली कसं म्हणू?

गृहपाठ मी ताईंकडूनच उसना घेतला. ‘सॉरी’ टाइप करण्याआधी वहीत लिहायचं: मागितलं होतं का कुणी? पहिल्या आठवड्यात अकरा वेळा लिहिलं, अकराही वेळा उत्तर ‘नाही’.

मग एका रविवारी तिने जुन्या ठिकाणच्या त्या मुलीला फोन केला. ती अजून तिथेच आहे. फोन उचलताच म्हणाली, ‘ताई, माझं काही चुकलं का?’