पिकअप नाही म्हणून लगेच कार्बोरेटर खोलू नकोस

सात रस्त्यावरून निघताना तुझी मारुती आठशे आधी मान टाकते, मग उचलते, असंच ना? मग आधी ॲक्सिलरेटर पंप बघ, म्हणजे पाय दाबताच जादा पेट्रोल मारणारा कार्बोरेटरमधला छोटा पंप. इंजिन बंद कर, थंड होऊ दे. एअर फिल्टर काढ आणि कार्बोरेटरच्या घशात बघत हाताने थ्रॉटल (ॲक्सिलरेटरनं उघडणारी झडप) झटकन उघड. पेट्रोलची बारीक पिचकारी उडायला हवी. नुसता थेंब ओघळला तर पंपाचा पडदा फाटलाय, नाहीतर जेट, म्हणजे पेट्रोल सुटायचं बारीक भोक, तुंबलाय. (बिडी लांब ठेव. सांगावं लागतं, बाबा!)

अडखळत नाही, पण चढाला दम तोडते? तो आजार वेगळा. पेट्रोल फिल्टर बदल, जुन्या टाकीतला गंज तिथंच अडकतो. आपल्या धुळीत एअर फिल्टरही लवकर भरतो. मग कार्बोरेटरपासून डिस्ट्रिब्युटरला (प्लगना करंट वाटणारा भाग) जाणारी व्हॅक्यूमची नळी बघ. माझी उन्हानं तडकली होती, आणि मी शहाणा दोनदा कार्बोरेटर धुऊन बसलो! कार्बोरेटरकडचं टोक काढून तोंडानं ओढ. ओढ टिकली नाही तर नळी किंवा डिस्ट्रिब्युटरकडचा व्हॅक्यूमचा पडदा गेला.

मिक्श्चरचा (हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा) स्क्रू मात्र उगाच पिळू नकोस, तो मुख्यतः आयडलिंगसाठी, म्हणजे पाय न दाबता इंजिन मंद चालावं यासाठी असतो. हात शिवशिवतच असतील तर आधी किती आटे आत जातो ते मोजून लिहून ठेव.