धडा नुसता वाचून घेऊ नका

ताई, वर्गात धडा मुलांकडून नुसता वाचून घेते असं तुम्ही म्हणालात; शिकवायला लागलो तेव्हा पहिल्या वर्षी मीही तेच करायचो. एकेक मुलगा उठून परिच्छेद मोठ्याने वाचायचा, बाकीचे आपला नंबर कधी येतो याचा हिशेब करत बसायचे. ते आधी बंद करा.

सातवीचा भरती-ओहोटीचा धडा घ्या. पाच मिनिटं नुसती शीर्षकं, आकृत्या, चौकटी बघू द्या. मग शीर्षकाचा प्रश्न मुलांनीच करायचा: ‘भरती-ओहोटी का होते?’ आता वाचन, पण एका वेळी एकच परिच्छेद. पुस्तक मिटून शेजाऱ्याला आपल्या शब्दांत सांगायचं. दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, हे पाठ होतं. वरची २५ मिनिटं कुठून आली, इथे मुलं अडखळतात. तिथंच थांबा. ‘तेवढ्या वेळात चंद्र काय करतो?’ एवढंच विचारा, उत्तर देऊन टाकू नका.

चुका दोनच सांगतो:

- पेन्सिल दिली की अख्खं पान अधोरेखित होतं. परिच्छेदाला एकच ओळ, तीही वाचून झाल्यावर.
- स्वाध्यायाची उत्तरं फळ्यावर लिहून देणं. (मोह होतो, माहीत आहे!)

संकल्पनाचित्रं (धड्यातले मुद्दे रेघांनी जोडून काढलेल्या आकृत्या) वगैरे दिवाळीनंतर बघू. तासाला निम्माच धडा झाला तरी चालेल.