‘डॅग’ म्हणजे शिवी नव्हे: मेलबर्नमधल्या लेकीसाठी

ताई, तुमची लेक दोन महिन्यांपूर्वी मेलबर्नला नोकरीला लागली. थंडी सोसेना म्हणून सँडलमध्ये जाड लोकरी मोजे घालून ऑफिसात गेली, तर शेजारी बसणारी मैत्रीण हसून म्हणाली, ‘यू आर सच अ डॅग!’ शब्दकोशात पाहिलं तर मेंढीच्या शेपटाखाली लेंड्या चिकटून वाळलेला लोकरीचा गुंता, असा अर्थ निघाला. पोरगी रात्रभर रडली. हा अपमान समजून तक्रार करावी का, असं तुम्ही विचारलंय.

करू नका. मी 14 वर्षं व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे तिथे राहते, त्यातली पहिली 5 बॅलरॅटजवळ, मेंढ्यांच्याच मुलखात. त्या मैत्रिणीने तुमच्या लेकीला आपलं मानलंय.

शब्दकोशातला अर्थ खोटा नाही. तो गुंता तसाच राहिला तर त्यावर माश्या अंडी घालतात आणि अळ्या मेंढीच्या अंगात शिरतात, म्हणून तो वेळेवर कातरावा लागतो. मेंढी पळाली की वाळलेले गुंते एकमेकांवर आपटून खडखडतात, त्यावरून न्यूझीलंडमध्ये ‘रॅटल युअर डॅग्ज’ म्हणजे ‘पाय उचला, चला लवकर’. पण माणसाला डॅग म्हणण्यामागे आणखी एक धागा आहे. इंग्लंडच्या बोलीभाषेत ‘डॅग’ म्हणजे पोरांनी एकमेकांना आव्हान देऊन केलेलं धाडस. त्यावरून ऑस्ट्रेलियात विक्षिप्त पण मजेशीर माणसाला डॅग म्हणू लागले. पुढे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळले आणि आजचा अर्थ तयार झाला: कपड्यालत्त्याची फॅशन न कळणारा, जरा गबाळा, पण आव न आणणारा आणि म्हणून आवडणारा माणूस.

आपल्याकडे याला तंतोतंत शब्द आहे. ‘ध्यान’! केसांना चपचपीत तेल लावून, इस्त्री नसलेला शर्ट अर्धा खोचून भाचा समोर आला की मावशी म्हणते, ‘काय ध्यान दिसतंय बघा!’ आणि म्हणता म्हणता त्याचा शर्ट नीट करते. ‘वेंधळी’ म्हणाल तर तो अर्थ निराळा, त्यात हातून वस्तू पडणं, विसरणं येतं. ‘बावळट’ तर बुद्धीवर जातो. डॅगमध्ये बुद्धीचा प्रश्नच नाही. तुमची लेक कामात कच्ची आहे असं कुणीही म्हटलेलं नाही.

तिथे हा शब्द बापांना तर सर्रास लागतो. लग्नात बेताल नाचणारा, मुलांच्या मित्रांसमोर जुनेच विनोद सांगणारा बाप म्हणजे ‘डॅगी डॅड’. 2018 मध्ये पंतप्रधान झालेल्या स्कॉट मॉरिसन यांची टोपी घातलेली ‘डॅगी डॅड’ ही प्रतिमा तिथल्या वर्तमानपत्रांत कितीदा चर्चेला आली. शेजारच्या घरातला माणूस वाटावा, असाच तिचा रोख होता. ज्या शब्दाने नेत्याला मतं मिळू शकतात, तो शिवी कसा असेल?

अमेरिकेतले ‘नर्ड’, ‘डॉर्क’, ‘क्लट्झ’ हे याच कुळातले, पण प्रत्येकाची चव वेगळी. नर्ड म्हणजे पुस्तकी किडा, डॉर्क म्हणजे चारचौघांत विचित्र वागणारा. क्लट्झ म्हणजे धांदरट, हा यिद्दिशमधून आला, मूळ अर्थ लाकडाचा ओंडका. डॉर्क हा शब्द एके काळी अश्लील होता, आणि 2014 मध्ये त्याच्यापासून झालेला ‘अडॉर्केबल’ (विचित्र पण गोड) कॉलिन्सच्या शब्दकोशासाठी लोकांनी मतं देऊन निवडला. शब्द वापरणाऱ्यांच्या तोंडी असा निवळत जातो.

मात्र ‘ड्राँगो’ ऐकलं तर कान टवकारायला सांगा. तो मूर्खासाठी आहे, आणि रागात म्हटला तर लागतो. 1920 च्या दशकात ऑस्ट्रेलियात या नावाचा शर्यतीचा घोडा होता, 37 शर्यती धावला आणि एकही जिंकला नाही. खरं तर काही मोठ्या शर्यतींत तो दुसरा आला होता, तरी नाव बदनाम झालं ते झालंच. मला याचं फार वाईट वाटतं, कारण घोड्याला ते नाव ज्या पक्ष्यावरून मिळालं, त्याचा भाऊबंद आपला कोतवाल. कावळ्या-घारींच्या मागे लागणारा, ज्याच्या आसऱ्याला इतर पक्षी घरटी बांधतात तो!

आता व्यवहाराचं. डॅग हा शब्द ओळखीतच चालतो. लेकीने तो साहेबांना किंवा नव्या माणसाला म्हणू नये. आणि कुणी हसण्याऐवजी नाक मुरडून, चारचौघांत पुन्हा पुन्हा तिच्या कपड्यांवरून, बोलण्यावरून टोचत असेल, तर शब्द कुठलाही असो, तिने जरूर बोलावं. इथे तसं काही दिसत नाही. पुढच्या वेळी मैत्रीण म्हणाली तर हसून ‘प्राउड डॅग’ म्हणायला सांगा, बघा कशी खूश होते.

मोजे मात्र सोडायला लावू नका. तिथला जुलै-ऑगस्ट बोचरा असतो, आणि ऑफिसातली अर्धी माणसं घरी गेल्यावर मेंढीच्या कातड्याचे ‘अग्ग’ बूट घालूनच वावरतात.