बत्तीस पानांचा महिना

प्रिय पोरी,

तुझं लांबलचक पत्र मिळालं. महिनाभरात जलरंगातली चित्रं, क्रोशाचा मफलर, रोज एक फोटो, हाताने शिवलेल्या वह्या, गिटारचे धडे. आणि यातलं काहीच धड पूर्ण झालं नाही म्हणून शेवटी अर्धं पान स्वतःचीच खरडपट्टी. ते अर्धं पान मी सोडून दिलं. बाकीचं दोनदा वाचलं.

एक ना धड भाराभर चिंध्या, असं कुणीही म्हणेल. मी म्हणणार नाही. महिन्याभरात पाच गोष्टींना हात लावून बघण्यात काही गैर नाही. घोळ असा आहे की तू धरलेल्या पाचांपैकी तीन-चार कामांना शेवटच नाही. ‘जलरंग शिकायचे’ हे काम संपणार कधी? ‘पोस्टकार्डाएवढ्या कागदावर खिडकीतून दिसणारं आभाळ, तीनच रंगांत’ हे तासाभरात संपतं. चांगलं झालं की वाईट ते नंतर बघू, पण संपतं. संपलेल्या कामाकडेच नीट बघता येतं. अर्धवट कामाकडे बघताना आपण ते पुढे कसं होईल तेच बघत बसतो.

‘महिनाभर रोज’ अशा आव्हानांची तुला भुरळ पडलेली दिसते. १९९९ साली क्रिस बेटी याने जमवलेल्या २१ जणांनी एका महिन्यात ५०,००० शब्दांची कादंबरी लिहायचा घाट घातला होता, म्हणजे दिवसाला सोळाशेहून जास्त शब्द. जेक पार्कर या चित्रकाराने २००९ मध्ये ऑक्टोबरभर रोज एक शाईचं चित्र काढायला घेतलं. दोन्ही कल्पना पुढे जगभर पसरल्या. पण त्या महिन्यापुरतं दोघांनी एकच काम धरलं होतं, आणि पार्करचा हात तर आधीच तयार होता. तू पाच कामांना रोजचा नियम लावलास आणि सहाव्या दिवशी थकलीस, यात नवल ते काय?

आणि २१ दिवसांत सवय लागते ही गोष्ट डोक्यातून काढून टाक. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एकवीसेक दिवस लागतात. त्यातला ‘किमान’ गळाला आणि चेहराही गळाला. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एखादी साधी सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मधला आकडा निघाला ६६. कुणाला १८, तर कुणाला २५४ इतका मोठा अंदाज. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. तेव्हा महिना संपला तरी सवय लागली नाही म्हणून हळहळू नकोस. खरी हौस कशाची आहे, एवढं कळायला मात्र महिना पुरतो.

ते कळण्यासाठी नोंद लागते. पुढचा महिना सुरू व्हायच्या आदल्या दिवशी एक वही शिव. ए४ आकाराचे आठ कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की बत्तीस पानं होतात. रोज एक पान, आणि उरलेलं शाई सांडायला.

तुझ्या वह्यांची घडी जाड कागदाला तडकते असं तू लिहिलंस, त्याचं कारण कागदातल्या तंतूंची दिशा. कारखान्यात कागद तयार होताना तंतू बहुतेक एकाच दिशेने लागतात. कागद न दुमडता हलकेच वाकवून बघ, आधी उभा, मग आडवा. ज्या बाजूने सहज वाकतो, त्या बाजूने घडी छान बसते. छपाईच्या नेहमीच्या ए४ कागदात तंतू बहुधा लांब बाजूने धावतात, आणि आपण घडी घालतो ती त्यांना आडवी. पातळ कागद ते चालवून घेतो, जाड कागद तडकतो. तसेच लांब बाजूने तंतू असलेला ए३ कागद आणून मधोमध कापलास, तर हातात येणाऱ्या ए४ तुकड्यांची घडी तंतूंच्या बाजूने पडते. मग घडीवर तीन भोकं पाड. सुई मधल्या भोकातून आतून बाहेर काढ, वरच्यातून आत घे, मधलं भोक सोडून थेट खालच्यातून बाहेर काढ, आणि पुन्हा मधल्यातून आत. दोऱ्याची दोन टोकं लांब टाक्याच्या दोन बाजूंना येतील, त्याला मध्ये धरून दुहेरी गाठ मार. आतल्या कागदांच्या कडा थोड्या पुढे येतील, त्या पट्टी ठेवून कापून टाक. संध्याकाळच्या आत वही तयार.

तिच्यात ‘आज छान वाटलं’ असलं काही लिहू नकोस. असली पानं महिन्यानंतर तुलाच परकी वाटतील. ‘निळा रंग अर्धवट सुकला होता, त्यावर ओला कुंचला टेकवला, पाणी पसरलं आणि रंग कडेला ढकलून वाकडीतिकडी रेघ उमटली’ असं लिही. पुढच्या वेळी आधीचा रंग पूर्ण सुकू द्यायचा की ओला असतानाच दुसरा सोडायचा, हे त्या ओळीतून कळतं. आणि घरचंही लिही. पाहुणे आले, डोकं दुखलं, बस चुकली, मैत्रिणीशी तासभर फोनवर बोललीस. हात का लागला नाही त्याची कारणं हाताने केलेल्या कामाइतकीच बोलकी असतात. मी तर म्हणेन, जास्तच.

गिटारबद्दल मला काही कळत नाही, ते ज्याला कळतं त्याला विचार. रोजचा फोटो सरळ बंद कर; तुझ्या पत्रात त्याच्याविषयी एकही जिवंत वाक्य नाही.

राहिला मफलर. एक तर येत्या रविवारपर्यंत संपव, नाहीतर उसवून टाक. कपाटात तिसरा पर्याय ठेवायचा नाही. उसवलेली लोकर नागमोडी निघते. तिची सैलसर लडी करून चार ठिकाणी दोऱ्याने बांध, कोमट पाण्यात बुडवून न पिळता दाबून पाणी काढ आणि टांगून वाळव, बरीच सरळ होते. पुन्हा सुरू केलास तर आधी दहा सेंटिमीटर लांब-रुंद तुकडा विणून, धुऊन, वाळवून मग मोज. धुतल्यावर काही लोकर चांगलीच सैल पडते, म्हणून न धुतलेल्या तुकड्याचं माप खरं मानू नकोस.

पुढच्या महिन्यासाठी काय निवडू, असं विचारलंयस. नियम नसताना, कुणी बघत नसताना तू कशाकडे वळलीस ते आधी सांग. या महिन्याचं आठवत नसेल तर बत्तीस पानं भरू दे आणि मग विचार.

तुझ्या,
बाई