अडीच किलो गेले कुठे?

प्रश्न : ताई, वय ५४, राहणार सुदामा नगर, इंदूर. वजन ६८ किलो, मधुमेह नाही, कुठली गोळी नाही. धाकट्या जावेचं पाहून मीही पोळी, भात, बटाटा सगळं सोडलं. भूक लागली की शेंगदाणे, काजू, चीज. पहिल्या आठ दिवसांत अडीच किलो उतरलं, पेढे वाटायचेच बाकी होते. पुढचे सतरा दिवस काटा जागचा हलला नाही. मग भाच्याच्या लग्नात दोन दिवस वरण-भात, पुरी, श्रीखंड झालं आणि तिसऱ्या दिवशी दोन किलो परत! सकाळी पाऊण तास फिरते, ते वाया गेलं का? आणि पोहेसुद्धा कायमचे सोडायचे?

उत्तर : आधी लग्नाचा हिशोब करू. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. दोन किलो चरबी चढवायची तर रोजच्या गरजेवर आणखी पंधरा हजार कॅलरी पोटात जायला हव्यात. श्रीखंडात सांगायचं तर सहा-एक किलो श्रीखंड. भाचा कितीही लाडका असला तरी तुम्ही एवढं खाल्लं नसणार. म्हणजे काट्यावर परत आलं ते बहुतेक पाणी, आणि पहिल्या आठवड्यात गेलं त्यातही मोठा वाटा पाण्याचाच होता.

आपल्या यकृतात शंभरेक ग्रॅम आणि स्नायूंत चारशेच्या आसपास ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते. हा साठा कोरडा नसतो. त्याच्या दर ग्रॅमला सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. पोळी-भात बंद झाला की शरीर आधी हे कोठार उपसतं आणि पाणी लघवीवाटे निघून जातं. शिवाय कार्ब, म्हणजे पोळी-भात-बटाट्यातली पिष्टं आणि साखर, कमी झाले की मीठही जास्त बाहेर पडतं, आणि त्याच्या मागोमाग आणखी पाणी. पंगतीत दोन वेळा भात झाला, वर लोणचं-पापड झालं, की कोठार भरलं. यात तुमचं काही चुकलं नाही. जाऊबाईंनाही विचारा, त्यांचं किती टिकलंय.

मधले सतरा दिवस मात्र तुमच्या शेंगदाण्यांनी खाल्ले असावेत. एक ग्रॅम कार्ब ४ कॅलरी देतं, प्रथिनंही तेवढंच, चरबी ९. तीस ग्रॅम कणकेची बिनतुपाची पोळी साधारण १०० कॅलरीची, आणि तीस ग्रॅम शेंगदाणे, म्हणजे टीव्हीसमोर सहज संपणारी एक मूठ, १७०च्या घरात. शेंगदाणे वाईट नाहीत. पण ‘यात कार्ब नाही’ म्हटलं की आपण मुठी मोजत नाही.

आता पोहे. हा विषय इंदुरात कोणी हलक्यात घेऊ नये. तुमचं पत्र आल्यावर मी रविवारी छप्पन दुकान या आपल्या खाऊगल्लीतून एक प्लेट डब्यात बांधून आणली. सेव वेगळ्या पुडीत द्या म्हटलं, तर दुकानातल्या भियानं (इंदुरी ‘भाऊ’) माझ्याकडे असं पाहिलं जणू मी आजच पुण्याहून उतरलेय. घरी येऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललं : पोहे १४० ग्रॅम, सेव २८ ग्रॅम, दोन जलेब्या मिळून ६० ग्रॅम. पोह्यांच्या अंदाजे सव्वादोनशे कॅलरी. तेवढ्याशा सेवेच्या दीडशे. जलेब्यांच्या आणखी दोनशेच्या वर. बदनाम झाले पोहे, आणि निम्म्याहून जास्त माल सोबत्यांचा!

तेव्हा पोहे खा. सेव चिमूटभर, जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) हवं तेवढं, जलेबी पाहुणे आले की. बाजूला वाटीभर मटकीची उसळ किंवा दही घ्या, म्हणजे अकरा वाजता पुन्हा डब्यांकडे हात जाणार नाही. दुपारी दोन पोळ्या किंवा वाटीभर भात, त्याच्या दुप्पट भाजी आणि वरण घट्ट. आपल्याकडचं वरण फार पातळ असतं, हे मी माझ्या माहेरालाही सांगून थकले.

पाऊण तासाच्या चालण्यात तुमच्या वजनाला पावणेदोनशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात, म्हणजे त्या पुडीतल्या सेवेपेक्षा जराशा जास्त. म्हणून चालणं सोडायचं नाही. ते रक्तातली साखर, रक्तदाब, झोप यांसाठी आहे. त्यातली दहा-पंधरा मिनिटं रात्रीच्या जेवणानंतर गल्लीत काढलीत तर आणखी बरं. पण पाळी गेल्यानंतर स्नायू झपाट्यानं उतरतात आणि नुसत्या चालण्यानं ते राहत नाहीत. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, भिंतीला हात लावून दहा वेळा जोर, आठवड्यातून दोन-तीन दिवस. काटा आठवड्यातून एकदाच, सकाळी उपाशीपोटी. त्याहून खरी गोष्ट म्हणजे शिवणाच्या डब्यातली टेप. महिन्यातून एकदा कंबर मोजा.

तुम्हाला मधुमेह नाही म्हणून हे सगळं सरळ लिहिलं. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असलेल्यांनी पोळी-भात एकदम तोडू नये, साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

प्रश्न : मुलगा २३ वर्षांचा. पोट कमी व्हावं म्हणून मे महिन्यात रेनकोट घालून पळतो आणि रोज दोनशे क्रंचेस मारतो. घामातून चरबी जाते का?

उत्तर : जात नाही. त्याला पळण्याआधी आणि नंतर वजन करायला सांगा, मग दोन तांबे पाणी पिऊन पुन्हा काट्यावर उभं करा. घाम म्हणजे पाणी आणि मीठ. क्रंचेसनी पोटाचे स्नायू बळकट होतात, पण वरची चरबी तिथूनच जाईल असं नाही. ती कुठून आधी उतरेल हे शरीर ठरवतं. माझ्या दिरानं पोटाला प्लॅस्टिक गुंडाळून उन्हाळा काढला होता. कंबर होती तेवढीच राहिली, घामोळं मात्र दिवाळीपर्यंत पुरलं. मुलाचा रेनकोट आजच कपाटात टाका. इंदूरच्या मे महिन्यात असं पळून उष्माघात होतो, तो जिवावर बेततो.

प्रश्न : चहात साखरेऐवजी गूळ घातला तर चालेल?

उत्तर : चवीसाठी घाला. शंभर ग्रॅम साखरेत ४०० कॅलरी, गुळात ३८०च्या आसपास. चहा उकळून खाली उतरवल्यावर घाला, नाहीतर दूध फाटेल.